स्क्वाड्रनचे पॅच जमवताना या चुका टाळा

लष्करी तुकड्यांचे, त्यातही हवाई दलाच्या स्क्वाड्रनचे (विमान तुकड्यांचे) पॅच, म्हणजे गणवेशावरचे कापडी बिल्ले, जमवण्याचा छंद आपल्याकडे वाढतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्रास एवढाच, की जालना, नांदेड, लातूरहून येणारे फोटो आणि त्यांच्याखालचा प्रश्न कायम तोच असतो: "काका, ओरिजिनल आहे ना?" पैसे मोजून झालेले असतात, तुकडीचा इतिहास मात्र वाचायचा राहिलेला असतो. वास्तविक क्रम उलटा हवा. कोणता पॅच कोणत्या काळात अस्तित्वात असू शकतो हे इतिहासच ठरवतो, आणि दुकानदाराच्या तोंडची कहाणी त्याच्यापुढे टिकत नाही.

मराठवाड्यात सर्वांत जास्त फसवणूक 'हैदराबाद' या नावाने होते. जालन्याच्या एका होतकरू संग्राहकाने साडेचार हजार रुपये देऊन एक गोल पॅच घेतला. त्यावर १५२ हा आकडा, मधोमध निजामाचे शिरोभूषण आणि 'फेथफुल अलाय' हे बोधवाक्य होते. विकणाऱ्याने त्याला सांगितले होते, की हा निजामाच्या लढाऊ हवाई दलाचा बिल्ला असून सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये तो भारतीय सैन्याच्या हाती लागला. निजामाकडे लढाऊ विमानांचे दल असते, तर त्या वर्षी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या भाड्याच्या विमानांतून चोरून शस्त्रे आणण्याची वेळ त्याच्यावर आली नसती, एवढा विचार तरी खरेदीपूर्वी व्हायला हवा होता.

खरी हकीकत या कहाणीपेक्षा अधिक रोचक आहे. निजाम मीर उस्मान अली खान याने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना डीएच-९ए विमानांसाठी पैसा दिला, आणि ती विमाने ज्या तुकडीला मिळाली ती ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन म्हणून ओळखली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात हेच नाव १५२ आणि २५३ या स्क्वाड्रनना मिळाले. त्यांपैकी १५२ ने १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात आणि पुढे ब्रह्मदेशात स्पिटफायर उडवली. तिन्ही तुकड्या रॉयल एअर फोर्सच्या होत्या. हैदराबादचा संबंध होता तो पैशाचा. ज्या संस्थानाच्या तिजोरीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांचा सारा जमा होत होता, त्या संस्थानाचे नाव या बिल्ल्यांवर आहे. आपल्या संग्रहात ते असण्याला एवढे कारण पुरेसे आहे, त्यासाठी पोलीस ॲक्शनची फोडणी देण्याची गरज नाही.

त्या पॅचचा निकाल लावला तो वरच्या मुकुटाने. रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रन बिल्ल्यावर माथ्याशी राजमुकुट असतो. राजा सहावा जॉर्ज असेपर्यंत या मुकुटाच्या कमानी वर फुगीर, घुमटासारख्या गोल काढल्या जात. १९५२ मध्ये राणी एलिझाबेथ गादीवर आल्यानंतर जो मुकुट आला, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात. भिंग लावून पाहिले, तर या पॅचवरच्या कमानी स्पष्टपणे दबलेल्या होत्या. म्हणजे १९४८ मध्ये 'हाती लागलेल्या' बिल्ल्यावर १९५२ नंतरचा मुकुट होता. मागे प्लास्टिकचा चकचकीत थर आणि पॉलिएस्टरचा धागा होता, ते वेगळेच. शिरोभूषण आणि बोधवाक्य बरोबर होते, कारण नक्कल करणाऱ्यासमोर नंतरच्या काळातला नमुना होता. माझी सवय अशी आहे, की ब्रिटिश पॅच हाती आला की आकडा नंतर वाचायचा आणि आधी मुकुट पाहायचा.

जाता जाता सांगायचे, तर ज्यांना आपल्या मातीशी जोडलेली तुकडीच हवी असेल, त्यांनी निजामाची विमाने सोडून हिंगोली, जालना, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथील छावण्यांचा इतिहास वाचावा. तेथे तळ असलेल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेच्या, पलटणींतून पुढे १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊं रेजिमेंट ठेवण्यात आले.

दुसरी चूक म्हणजे स्क्वाड्रनचा क्रमांक पाहून विमान आणि साल यांची जोडी मनानेच लावणे. भारतीय हवाई दलाची १७ स्क्वाड्रन, म्हणजे 'गोल्डन ॲरोज', १९५१ मध्ये अंबाल्याला उभी राहिली. कारगिलच्या वेळी तिच्याकडे मिग-२१ होती. २०१६ मध्ये ती नंबरप्लेट झाली, म्हणजे विमाने गेली आणि क्रमांक राखून ठेवला गेला. १० सप्टेंबर २०१९ ला ती रफालसाठी पुन्हा उभी करण्यात आली, पण पहिली पाच रफाल अंबाल्याला उतरली ती २९ जुलै २०२० रोजी. त्यामुळे २०१९ हे साल आणि रफालची आकृती एकाच पॅचवर दिसली, एवढ्यावरून तो नकली ठरवणे हा उतावळेपणा आहे. उलट २०१७ साल घातलेला याच तुकडीचा पॅच कुणी दाखवला, तर मात्र सावध व्हावे. १८ स्क्वाड्रनच्या बाबतीतही हेच होते. या तुकडीचे परमवीरचक्र विजेते वैमानिक निर्मलजित सिंग सेखों यांनी १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर उडवले ते नॅट विमान. याच स्क्वाड्रनकडे तेजस विमान आले ते २०२० मध्ये, सुलूरला. तेजसचा पॅच 'सेखों यांच्या वेळचा' म्हणून विकत घेणाऱ्याबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.

अतिनील टॉर्च हे आजच्या उतावळ्यांचे लाडके हत्यार आहे. धागा चमकला की नवा, नाही चमकला की जुना, असा त्यांचा समज असतो. कपड्याच्या साबणातही चमक आणणारी रसायने असतात, त्यामुळे गणवेशावर वर्षानुवर्षे धुतलेला खरा जुना पॅचही लख्ख चमकतो. मी मागच्या बाजूचा सुटलेला एक धागा काढून जाळून पाहतो: सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येऊन राख उरते, पॉलिएस्टर असेल तर वितळून टणक मणी होतो. मात्र मुकुट, विमान आणि साल यांची साक्ष घेतल्याशिवाय या परीक्षेवरही मी निर्णय देत नाही.

जपणुकीच्या चुका थोडक्यात सांगतो. फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवू नये. जुना पॅच धुऊ नये. उन्हाच्या भिंतीवर फ्रेम लावू नये. मराठवाड्याच्या दोन उन्हाळ्यांत लाल रंग विटतो. पॅच मांजरपाटात गुंडाळून ठेवावेत, पण कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि खळीवर कसर येते, म्हणून तो गरम पाण्यात दोनदा धुऊनच वापरावा.

निवृत्त जवानाच्या घरून पॅच मिळाला, तर किमतीची गोष्ट काढण्यापूर्वी त्यांच्या नोकरीची वर्षे, ठाणे आणि काम विचारून त्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावे. आणि जमवलेले पॅच जाकिटावर लावून गावभर मिरवू नये. सैनिक असल्याचा समज करून देण्याच्या हेतूने अशी खूण वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.