ओसाकाच्या काइयूकानला जायचंय? आधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी तिकीट. काइयूकान म्हणजे जपानमधल्या ओसाका शहरातलं मोठं मत्स्यालय. तिथे ठरावीक वेळेचं तिकीट असतं आणि दर तारखेप्रमाणे बदलतो, त्यामुळे दिवस पक्का झाला की त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढून टाका. शनिवार-रविवार टाळा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा 'गोल्डन वीक' तर टाळाच, तेव्हा अख्खा जपान फिरायला निघालेला असतो. पोचणं सोपं आहे: मेट्रोच्या चुओ लाइनवरच्या ओसाकाको स्टेशनवर उतरायचं आणि 112.5 मीटर उंचीच्या आकाशपाळण्याच्या दिशेने पाचेक मिनिटं चालायचं.

वेळ मात्र हातात भरपूर ठेवा, माझ्या मते किमान तीन तास. हे मत्स्यालय वरून खाली बघायचं असतं. सरकत्या जिन्याने आठव्या मजल्यावर जायचं आणि मधल्या प्रचंड टाकीभोवती गोल गोल उतरत यायचं. ही पॅसिफिक महासागराची टाकी 9 मीटर खोल, 34 मीटर लांब, आत 5,400 टन पाणी. एकच व्हेल शार्क वरच्या मजल्यावर पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसकट दिसतो आणि खाली आल्यावर तोच डोक्यावरून जातो, पोट दाखवत. म्हणून 'पाहिला की मघाशी' म्हणत पुढे पळू नका. तळाशी पोचलात की घड्याळ न बघता थांबा.

उतरताना भार गुडघ्यांवर येतो, तेव्हा चपला नकोत, घट्ट बसणारे बूट घाला. सोबत आई-बाबा असतील तर चाकाची खुर्ची मिळते, ती संकोच न करता मागून घ्या.

कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा सदरा काचेत उमटतो आणि फोटोत माशाऐवजी आपणच येतो. फ्लॅश बंद ठेवा, फोन काचेला टेकवा आणि सरळ समोरून फोटो घ्या. टाकीची ही काच म्हणजे खरं तर जाड अ‍ॅक्रिलिक, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक. त्यातून तिरकं पाहिलं की आकार वाकडे दिसतात.

मुलं असतील तर आदल्या रात्री तासभर त्यांच्याशी माशांबद्दल बोला. आपल्याकडे भाषा तयार आहे: शार्क म्हणजे मुशी, रे म्हणजे पाकट, सार्डिन म्हणजे तारली. बाजारात पाटीत पाहिलेली पाकट इथे पंख हलवत जाताना दिसली की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो. व्हेल शार्क जगातला सगळ्यात मोठा मासा असून बारीक प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जीवांवर जगतो, तो आपल्या अरबी समुद्रातही येतो आणि भारतात 2001 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, हे जरूर सांगा. नाहीतर ही परदेशातली नवलाई एवढंच त्यांच्या मनात राहतं. लांब पायांचे जपानी कोळी-खेकडे खालच्या अंगाला अंधारात आहेत. लहानग्यांना आधी कल्पना द्या, दचकतात.

शाकाहारी असाल तर डबा न्याच. जपानी रश्शात, सॉसमध्ये बहुतेकदा माशाचं 'दाशी', म्हणजे मासे उकळून काढलेलं पाणी असतं, भाज्यांच्या पदार्थातसुद्धा. मेथीच्या दशम्या आणि कोरडी चटणी दिवसभर टिकते. खायचं मात्र बाहेर, बंदराच्या कडेला बसून. आणि एक रिकामी पिशवी विसरू नका, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे क्वचितच सापडतात. कचरा हॉटेलपर्यंत आपल्याबरोबरच येतो.