घाट उतरून आल्यावर पोटऱ्या कशा सोडवायच्या

साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात नाहीतर अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढाला सकाळी गेलात की हे हमखास दिसतं: गाडी स्टँडवर लावायची, पाय कठड्यावर टाकायचा आणि हिसके देत वाकायचं. थंड अंगाने असं करू नका. स्नायू झटक्याने ताणला की तो स्वतःला वाचवायला उलट आखडतो, आणि हिसका जोराचा असेल तर लचकतो.

चढाआधी सपाटीवर 5 ते 10 मिनिटं चाला. मग कठडा धरून एकेक पाय 10-12 वेळा पुढे-मागे झुलवा, 15 वेळा टाचा उचला, एवढं पुरे. मिनिटभराहून जास्त ताण धरून ठेवलात तर स्नायूचा जोर काही वेळ थोडा उतरतो, आणि पुढे चढ आहे.

खरं ताणायचं ते खाली आल्यावर, अंग गरम असताना. आधी पोटऱ्या. भिंतीला दोन्ही तळहात लावा, उजवा पाय दोन-अडीच फूट मागे घ्या. गुडघा सरळ, टाच जमिनीला, बोटं थेट भिंतीकडे. इथेच बहुतेकांचं चुकतं. पाऊल बाहेर वळलं की ताण पोटरीत न जाता पावलाच्या कमानीवर पडतो. ओढ जाणवेल पण दुखणार नाही इतकंच पुढे झुका, 30 सेकंद थांबा. श्वास रोखू नका; बीपी असणाऱ्यांनी तर नाहीच. आता तोच पाय वीतभर पुढे घेऊन गुडघा वाकवा, टाच न उचलता. ओढ खाली, टाचेच्या शिरेजवळ सरकेल. पोटरीत आत एक दुसरा स्नायू असतो, तो गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. चढात तो भरपूर राबतो आणि हा दुसरा प्रकार सहसा कुणी करत नाही. दोन्ही प्रकार प्रत्येक पायाला दोन-तीनदा.

मांडीच्या मागच्या बाजूसाठी उभ्याने बोटं टेकवायचा हट्ट सोडा. त्यात खुब्याऐवजी कंबरच वाकते. पाठीवर झोपा, तळव्याला पंचा अडकवा, गुडघा किंचित वाकलेला ठेवून पाय वर घ्या. पावलापर्यंत मुंग्या आल्या तर ओढ नसेवर येतेय, लगेच सैल सोडा.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात. हे दुखणं ताणून फारसं कमी होत नाही; हलकं चाला, दोन-तीन दिवसांत उतरतं.

पळताना पोटरीत कट्कन झालं, सूज किंवा काळंनिळं दिसलं तर ताणणं बंद. शीर बसवायला तेल लावून रगडणं त्याहून वाईट, आत रक्तस्राव वाढतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं लावा. चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

आठवड्यातून तीन-चार दिवस केलंत तर फरक पाच-सहा आठवड्यांनी दिसेल. पावसाळ्यात मात्र शेवाळलेल्या कठड्याशी कसरत नको. घरी जा, ओले कपडे बदला, अंग गार पडलं असेल तर पाच मिनिटं घरातच फेऱ्या मारा आणि मग भिंत धरा.