लाईट गेली की माशांच्या टाकीचं काय करायचं

गुरुवारी महावितरणचा शटडाऊन असला तर आदल्या दिवशी निदान कल्पना तरी मिळते. वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडली की लाईट कधी येईल, याचा नेम नसतो. त्यात एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणी आधीच तापलेलं असतं, म्हणून तयारी मार्चच्या आत झालेली बरी.

लाईट गेल्यावर मासे भुकेने मरत नाहीत, गुदमरून मरतात. प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागावरून. बुडबुड्यांचं खरं काम पृष्ठभाग हलता ठेवणं आणि तळाचं पाणी वर आणणं हे आहे. पंप थांबला की दोन्ही थांबतं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि नेमकी त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. म्हणून जानेवारीत निभावलेले चार तास मे महिन्यात निभावतीलच असं नाही.

कोणते मासे आहेत, यावरही बरंच ठरतं. फायटर आणि गुरामी वरची हवा थेट घेतात, त्यांची काळजी कमी. दोन फुटी टाकीत दहा-बारा गप्पी असतील तर काही तास सहज निघतात. गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांच्या टाकीत मात्र तासा-दोन तासांतच मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागतात. ती खूण दिसेपर्यंत थांबू नका.

सगळ्यात खात्रीचा बंदोबस्त म्हणजे स्पंज फिल्टर आणि रिचार्जेबल एअर पंप. स्पंज फिल्टर हवेवरच चालतो, त्यामुळे एकाच पंपावर मासेही जगतात आणि फिल्टरमधले, टाकीतली घाण पचवणारे जिवाणूही. आत लिथियम बॅटरी असलेला, लाईट जाताच आपोआप सुरू होणारा पंप घ्या; दिवसभर घर बंद असणाऱ्यांना तोच उपयोगाचा. बॅटरी हळूहळू दमते, तेव्हा महिन्यातून एकदा प्लग काढून तो किती तास चालतो ते घड्याळ लावून पाहा.

यूएसबीवर चालणारा २ वॉटचा पंप आणि पॉवर बँक हा स्वस्त मार्ग. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात २५ वॉट-तासांच्या आसपास वीज हाती येते, म्हणजे बारा तास. मात्र काही पॉवर बँका इतक्या कमी भाराला ‘फोन भरला’ असं समजून आपोआप बंद होतात. आधी तासभर चालवून खात्री करा.

घरी इन्व्हर्टर असेल तर टाकीजवळचा सॉकेट त्याच्या लाइनवर आहे का ते तपासा. बहुतेक घरांत त्यावर फक्त दिवे आणि पंखे असतात. इलेक्ट्रिशियनकडून एक पॉइंट जोडून घ्या. ४-५ वॉटचा पंप १५० एएचच्या बॅटरीला जाणवतही नाही. हीटर मात्र त्यावर लावू नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधा पंप घरघरतो आणि तापतो. सोसायटीच्या जनरेटरवर विसंबू नका. तो बहुधा लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरताच असतो.

पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर पंप थांबल्यावर पाणी नळीतून उलटं येतं, पंपात शिरतं आणि जमिनीवर सांडतं.

यातलं काहीच हाताशी नसेल तर तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून दहा-पंधरा वेळा ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी. हात दुखतो, पण उपाय चालतो. टाकीच्या कडांवर दोन पट्ट्या टाकून त्यावर तळाला भोकं पाडलेला आइस्क्रीमचा डबा ठेवला तर डबा भरला की काम भागतं. झाकण काढा, दिवा बंदच ठेवा, खाणं अजिबात घालू नका. धडधाकट मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी राहू शकतो. न खाल्लेलं अन्न मात्र कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं. वनस्पतींच्या टाकीत साखर-यीस्टचा कार्बन डायऑक्साइड सोडला असेल तर ती नळी आधी बाहेर काढा, कारण तो लाईटसोबत थांबत नाही.

पाणी ३२ अंशांपुढे गेलं तर अर्ध्या लिटरची बर्फाची बंद बाटली सोडा. ६० लिटर पाणी तिने साधारण एका अंशाने उतरतं. तासाला दोन अंशांहून जास्त उतरवू नका. थंडीत टाकीला तीन बाजूंनी गोधडी गुंडाळा, वर हवेला जागा ठेवा.

गुरुवारी पुष्कळदा पाणीही बंद असतं आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येतं. बुधवारीच एक २० लिटरची बादली भरून उघडी ठेवा. गरज पडली तर क्लोरीन उडालेलं पाणी हाताशी असेल. घाईत ताजं पाणी घालावं लागलं तर अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय नको. आणि बुधवारी फिल्टर धुवू नका.

लाईट परत आली की सगळे खटके एकदम दाबण्याचा मोह आवरा. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये पाणी साचून राहिलं की आतले जिवाणू प्राणवायू संपवतात आणि मग मरू लागतात. चार-पाच तासांहून जास्त गेले असतील तर फिल्टर उघडा, आतलं पाणी मोरीत ओता, स्पंज आणि रिंग्ज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळा, मगच सुरू करा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हे टाळूच नका, ते पाणी टाकीत गेलं तर लाईट नसताना जगलेले मासे लाईट आल्यावर मरतात. काठावर टांगलेल्या फिल्टरच्या डब्यात आधी मगभर पाणी घाला, कोरडी फिरली तर मोटर जळते. हीटर सगळ्यात शेवटी, आणि तोही पूर्ण बुडालेला आहे हे पाहूनच. खाणं दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या निम्मं. पुढचे तीन दिवस अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारं विष, तपासा. शून्याच्या वर दिसला तर पाव टाकी पाणी बदला.