चित्रकर्तीची कागदपत्रे अभ्यासताना या चुका टाळा

व्यक्तिचित्रे रंगवणाऱ्या एखाद्या स्त्रीची खासगी कागदपत्रे अभिलेखागारात पहिल्यांदा हाती आली, की बहुतेक नवे अभ्यासक थेट पत्रांच्या गठ्ठ्याकडे वळतात, आणि त्यातही प्रेमपत्रे आहेत का हे आधी पाहतात. रंगांची आणि कॅनव्हासची बिले, बैठकीला, म्हणजे चित्रासाठी समोर बसायला, कोण कधी येणार याची टिपणे, जमाखर्चाच्या वह्या हे सारे त्यांना रुक्ष वाटते. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण जिने चित्रे रंगवून उदरनिर्वाह केला, तिच्या कामाचा पहिला साक्षीदार तिची जमाखर्चाची वहीच असते.

सर्वांत मोठी आणि भरून न येणारी चूक म्हणजे कागदांचा मूळ क्रम मोडणे. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारी अभिलेखागाराने १८८१ सालीच मूळ क्रम जपण्याचा नियम केला होता. तरीही 'जरा नीट लावून ठेवले' असे अभिमानाने सांगणारी माणसे मला आजही भेटतात. एका चित्रकर्तीच्या बैठकींच्या वहीत पानापानांत चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या, बहुतेक स्वस्त कागदाच्या. मदतीला आलेल्या एका उत्साही विद्यार्थ्याने त्या सर्व काढून, आकाराप्रमाणे लावून, 'संकीर्ण' असे लिहिलेल्या पाकिटात ठेवल्या. त्यातल्या एका चिठ्ठीवर पेन्सिलीने 'हात पुन्हा' एवढेच लिहिले होते आणि कडेला तपकिरी रंगाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता. त्या काळात तिच्याकडे दोन चित्रांच्या बैठका आलटून पालटून चालू होत्या. मग हात पुन्हा रंगवले ते कोणत्या चित्रातले? चिठ्ठी ज्या पानात होती, त्या पानावर याचे उत्तर होते, आणि ते पान आता कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी कागदानेच वाट दाखवली. स्वस्त, आम्लयुक्त कागद वर्षानुवर्षे दाबून राहिला, की शेजारच्या पानावर त्याची तपकिरी सावली उमटते. आम्ही एकेक चिठ्ठी मोजून त्या सावल्यांशी ताडून पाहिली. 'हात पुन्हा'ची जागा सापडली, पण चांगल्या कागदाच्या चिठ्ठ्यांनी मागे काहीच ठेवले नव्हते, त्या कायमच्या सुट्या राहिल्या.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. खोका उघडल्यावर पहिले काही तास मी काहीही वाचत नाही. प्रत्येक पान चिठ्ठीसकट जसे आहे तसे कॅमेऱ्याने टिपते, मग चिठ्ठी उचलून तिच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेते, माझ्या वहीत पानाचा क्रमांक लिहिते आणि चिठ्ठी जिथल्या तिथे ठेवते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला जवळचा रस्ता नाही. पत्राचे पाकीटही याच न्यायाने पत्रापासून वेगळे करू नये, कारण पत्रावर नुसता 'मंगळवार' असला तरी टपालाच्या शिक्क्यावर बहुधा तारीख असते.

दुसरी चूक, म्हणजे हस्ताक्षर कोणाचे आहे हे न पाहताच 'तिने लिहिले आहे' असे ठोकून देणे. अठराव्या शतकातली चित्रकर्ती अँजेलिका काउफमान हिने इंग्लंड सोडल्यानंतरच्या, म्हणजे १७८१ पासूनच्या, चित्रांची जी नोंदवही लंडनच्या रॉयल ॲकॅडमीकडे आहे, तिच्यातला बराच भाग तिचा पती आंतोनियो झुक्की याने लिहिलेला आहे. तेव्हा त्या नोंदींतले शब्द तिचे, की तिच्या वतीने हिशेब ठेवणाऱ्याचे, हा प्रश्न टाळता येत नाही. छापील प्रतीच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे. चित्रकर्ती मारी बाशकिर्त्सेफ १८८४ साली वारली आणि तिची रोजनिशी १८८७ साली प्रसिद्ध झाली, पण त्या आवृत्तीत काटछाट झाली होती आणि तिचे वयही प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवले होते. मूळ वह्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, म्हणूनच हे ताडून पाहता आले. जिथे मूळ वह्या उरलेल्या नाहीत, तिथे कुटुंबाने काय गाळले असेल याची शंका मनात ठेवूनच वाचावे.

नावांबद्दलही घाई नको. चित्रकर्तीची कागदपत्रे अनेकदा वडिलांच्या, भावाच्या किंवा पतीच्या नावाच्या संग्रहात दडलेली असतात. तिच्या एकाच नावाने सूची चाळून 'काही उपलब्ध नाही' असे लिहिणारे लेख वाचून मी थकले आहे. फ्रेंच चित्रकर्ती आदेलाईद लाबीय-गियार हिचेच पाहा: माहेरचे लाबीय, पहिल्या लग्नानंतर गियार, दुसऱ्या लग्नानंतर व्हँसाँ. चित्रासाठी बसलेल्या स्त्रियांची नोंदही पुष्कळदा नवऱ्याच्याच नावाने असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. कागद हाताळायला सुती हातमोजे घालू नयेत, स्वच्छ कोरडे हात पुरेत. हातमोज्यांनी पानाची कड नीट जाणवत नाही. जवळ फक्त पेन्सिल ठेवावी. गंजलेली टाचणी स्वतः ओढू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास आला तर डबा मिटून लगेच कर्मचाऱ्यांना सांगावे. संग्रहातल्या जुन्या छायाचित्राची मागची बाजू टिपल्याशिवाय ते खाली ठेवू नये आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या, आपण घेतलेल्या पहिल्या छायाचित्रात खोक्याचा व फोल्डरचा क्रमांक आलाच पाहिजे.

शेवटचे प्रकाशनाविषयी. कागद अभिलेखागाराच्या मालकीचा असला तरी त्यावरील मजकुराचा हक्क बहुधा लेखिकेच्या वारसांकडे असतो, आणि तिला आलेल्या पत्राचा हक्क ते लिहिणाऱ्याच्या वारसांकडे. परवानगीची पत्रे कामाच्या पहिल्याच महिन्यात पाठवावीत, कारण वारस शोधण्यातच पुष्कळ वेळ जातो.