रस्त्याची बाजू आपण घ्यावी

आजोबांबरोबर ग्वाल्हेरच्या सराफ्यातून जाताना मला कायम दुकानांच्या बाजूने चालावं लागे. उड्या मारत मी पलीकडे गेले की ते काही न बोलता माझ्या मागून वळसा घालत आणि पुन्हा रस्त्याच्या अंगाला येत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आज आई ब्याऐंशीची आहे आणि तिला बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, नेताना तोच वळसा मी घालते. म्हणून कुणाला सोबत घेऊन रस्त्याने कसं चालावं, आणि ही रीत आली कुठून, हे दोन्ही लिहायला बसले आहे.

आपण स्त्रीदाक्षिण्य म्हणतो, त्यासाठी इंग्रजीत ‘शिव्हलरी’ हा शब्द आहे. तो आला फ्रेंचमधल्या घोड्याच्या शब्दावरून, म्हणजे ही मुळात घोडेस्वाराची वागणूक. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहणाऱ्याला हे पटकन समजावं. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथे तळ दिला, राहुट्यांच्या जागी वाडे उठले, पेठा वसल्या, तरी गावाचं नाव लष्करच राहिलं. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. उंचावर बसलेल्याने खालून चालणाऱ्याला सांभाळायचं, हे घोडा आला की ओघानेच येतं.

बाईला आतल्या बाजूला ठेवायचं, यामागे मात्र चिखल आहे. युरोपातल्या जुन्या शहरांत बग्ग्यांची चाकं चिखल उडवत, सांडपाणी रस्त्यातूनच वाहत असे. एडिंबरोत वरच्या मजल्यांवरून ‘गार्डी लू’ अशी आरोळी देऊन घाण खाली ओतत. भिंतीलगतची जागा त्यातल्या त्यात कोरडी, म्हणून ती मानाची. भिंत कोणी घ्यायची आणि कोणी सोडायची, यावरून लंडनच्या रस्त्यांत पुरुषांची भांडणं होत. म्हणजे तो मान फक्त बाईचा नव्हता. थोरामोठ्यांचा, हुद्द्याचाही होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण बाई नाजूक म्हणून हा नियम झाला असं समजून पुष्कळ मुली चिडतात. त्यांनी चिडू नये, उलट स्वतः बाहेरच्या बाजूला यावं.

आपल्याकडे वाट देण्याची यादी मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे: गाडीवाला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझं वाहणारा, स्त्री, गुरूकडचं शिक्षण पुरं केलेला स्नातक, राजा आणि नवरदेव. त्या ग्रंथातलं बरंच काही मला मान्य नाही, पण या यादीत हमाल राजाच्या आधी येतो, हे मी मुलांना आवर्जून सांगते. दाल बाजारात पाठीवर पोतं घेतलेला माणूस ‘बचके, बचके’ करत येतो, तेव्हा त्याला मान वर करून बघता येत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही. आपण दोन पावलं ओट्याकडे सरकावं, आणि आधी सोबतच्या माणसाला सरकवावं.

आता प्रत्यक्ष चालण्याचं. निघण्याआधी धोका कुठल्या बाजूने आहे ते पाहा. बहुतेक वेळा तो वाहनांच्या बाजूने असतो, पण कधी उघड्या नालीच्या, कधी दुकानापुढे उभ्या बैलाच्या. ती बाजू आपली. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. मग वाहनं आपल्या डाव्या हाताला येतात आणि तुम्ही सोबतच्या माणसाच्या डावीकडे राहता.

काठी असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. आईचा डावा गुडघा दुखतो, म्हणून काठी उजव्या हातात. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. तिचा मोकळा हात डावा, मी डावीकडे, गाड्याही डावीकडे. सगळं जुळतं. एकदा घाईत मी तिला डाव्या कडेने नेलं आणि स्वतः तिच्या मोकळ्या हाताला, म्हणजे दुकानांकडे राहिले. मागून आलेल्या स्कूटरच्या हँडलमध्ये तिच्या पिशवीचा बंद अडकला. पिशवी फाटली, लिंबं रस्ताभर झाली, आई कशीबशी उभी राहिली. त्या दिवसापासून कड आधी ठरवते, मग घरातून निघते.

हात पकडायचा नाही, द्यायचा. आपला कोपर थोडा वाकवून पुढे करावा आणि त्यांना धरू द्यावं. दंड धरून ओढत नेलं तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, आणि मनही दुखतं.

डबकं आलं तर आपण आधी पाय टाकून खोली बघावी. इंग्लंडचा दरबारी वॉल्टर रॅले याने एलिझाबेथ राणीसाठी चिखलात आपला झगा अंथरला, ही गोष्ट तो गेल्यावर चाळीसेक वर्षांनी, १६६२ साली छापून आली. तिच्यावर विसंबू नका.

स्कूटरवर बसवतानाही जुनी रीत कामाला येते. तलवार डाव्या कमरेला लटकायची, म्हणून स्वार डावीकडूनच घोड्यावर चढे. उजवीकडून चढला तर म्यान पायात येई. आपणही अजून डावीकडूनच चढतो, स्टँड डावीकडे, साडीगार्ड डावीकडे. गाडी कडेला अगदी लगटून थांबवा, दोन्ही पाय टेकवा, मग ‘बसा’ किंवा ‘उतरा’ म्हणा. बसल्यावर पदर मांडीखाली घेतला का, ते वळून बघितल्याशिवाय गाडी पुढे घेऊ नका.

वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात चढताना आपण मागे आणि उतरताना पुढे. दोन्ही वेळा आपण खालच्या पायरीवर असतो, तोल गेला तर धरता येतं.

आणि ओळखीचं वडीलधारं माणूस भेटलं तर भर रस्त्यात वाकू नये. साहेब लोक टोपी काढत, कारण टोपी एका हाताने निघते. आपल्याकडे पगडी उतरवणं म्हणजे नामुष्की. आपण पायातलं काढतो आणि वाकतो. त्याला जागा लागते. आधी ‘काका, जरा इकडे या’ म्हणून त्यांना एखाद्या ओट्याशी न्यावं, पाठ आपली रस्त्याकडे ठेवावी, आणि मग नमस्कार करावा.