फिल्म स्कॅनर रेंगाळतोय? या चुका टाळा

कपाटात निगेटिव्हचे वीस रोल आहेत आणि स्कॅनर एका फ्रेमला पाच मिनिटं घेतोय, म्हणजे ७२० फ्रेमना साठ तास. तिसऱ्या रोलपर्यंत बहुतेकांचा धीर सुटतो, पट्ट्या परत डब्यात जातात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. घरातले जुने फोटो खरोखर वाचवायचे असतील, तर स्कॅनरचा वेग आधी मार्गी लावायला हवा.

न मोजता खर्च करणं

सगळ्यांत महाग चूक ही. स्कॅनिंग हळू होतंय म्हणून नवा लॅपटॉप येतो आणि वेळ मात्र तेवढाच लागतो, कारण तो कॉम्प्युटरमुळे जातच नव्हता.

आधी एक चाचणी करा. एकच फ्रेम निवडा, २४०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके वाचायचे तो आकडा), २४ बिट रंग (प्रत्येक पिक्सेलच्या रंगाची नोंद किती बारीक तो आकडा) ठेवा आणि धूळ काढणं, ग्रेन कमी करणं, शार्पनिंग, रंग सुधारणं हे सगळं बंद करा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तीन टप्प्यांचा वेळ टिपा: बटण दाबल्यापासून स्कॅनरच्या आतली वाचणारी पट्टी (फिल्मची नव्हे) हलायला लागेपर्यंत, पट्टी हलत असताना, आणि पट्टी थांबल्यापासून फाइल फोल्डरमध्ये दिसेपर्यंत. पहिला टप्पा लांबला तर दिवा किंवा कॅलिब्रेशन (स्कॅनरने स्वतःचं मोजमाप जुळवून घेणं), मधला लांबला तर सेटिंग किंवा केबल, शेवटचा लांबला तर कॉम्प्युटर.

कानही वापरा. पट्टी एकसारखी घरघरत पुढे जात असेल, मग ती कितीही सावकाश का असेना, स्कॅनर ठीक आहे. जास्त डीपीआयला ती सावकाशच चालते. पण ती थांबते, किंचित मागे येते आणि पुन्हा पुढे जाते, असं वारंवार ऐकू आलं तर स्कॅनरची स्वतःची छोटी मेमरी भरतेय आणि पलीकडे डेटा वेळेत उचलला जात नाहीये. अशा थांब्यांच्या जागी चित्रात कधी कधी बारीक रेघही उमटते. मग केबल आणि कॉम्प्युटर तपासायचे, स्कॅनर उघडायचा नाही.

खोक्यावरचा डीपीआय खरा मानणं

३५ मिमी फ्रेम २४ × ३६ मिमीची असते. २४०० डीपीआयला तिचे साधारण ३४०० × २२७० पिक्सेल होतात, ४८ बिटमध्ये सुमारे ४६ एमबी. ३२०० ला ८२ एमबी, ६४०० ला जवळपास ३३० एमबी. डीपीआय दुप्पट केला की डेटा चौपट होतो. हा चौपट भार स्कॅनरमधली पट्टी, केबल, रॅम आणि डिस्क अशा चारही ठिकाणी पडतो.

पदरात काय पडतं? एप्सन व्ही ६०० किंवा व्ही ७०० सारख्या फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) खोक्यावरच्या ६४०० च्या निम्माही तपशील प्रत्यक्षात मिळत नाही. लेन्सच तेवढी बारीक नसते, त्यामुळे वरचे पिक्सेल फुगवलेले असतात. प्लसटेक ऑप्टिकफिल्म मालिकेतले ७२०० डीपीआयचे स्कॅनर फ्लॅटबेडपेक्षा पुष्कळ चांगले, पण त्यांचाही खरा तपशील त्या आकड्याच्या आसपास जात नाही.

गरजेवरून आकडा काढा. ४ × ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने १८०० × १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे स्कॅन १२७० डीपीआयचा पुरतो. ८ × १२ इंचांना २५४० लागतो. घरच्या संग्रहासाठी फ्लॅटबेडवर २४०० ठेवावा आणि निवडक फ्रेमना ३२०० द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापुढचा वेळ वाया जातो.

बिटचंही असंच. रंग उडालेल्या किंवा कमी एक्स्पोज झालेल्या फ्रेमना ४८ बिट हवाच, कारण नंतर रंग ओढताना त्याचा आधार मिळतो. नीट एक्स्पोज झालेल्या वाढदिवसाच्या फोटोला २४ बिट पुरे. कृष्णधवल निगेटिव्हला १६ बिट ग्रेस्केल निवडा, डेटा ४८ बिटच्या एक तृतीयांश होतो.

आणखी एक चूक नकळत होते. थंबनेलऐवजी (त्यात फ्रेम आपोआप वेगळ्या दिसतात) साध्या प्रिव्ह्यूत चौकट ओढताना ती अख्ख्या होल्डरवर, म्हणजे फिल्म धरणाऱ्या साच्यावर पडते. साधारण ६.८ × २४ सेंमीचा तो भाग ३२०० डीपीआय, ४८ बिटला स्कॅन झाला की एकच फाइल सुमारे दीड जीबीची होते आणि कॉम्प्युटर गोठल्यासारखा वाटतो. चौकट एका फ्रेमपुरतीच आहे ना, ते स्कॅनचं बटण दाबण्याआधी पाहा.

डिजिटल आइस सरसकट चालू ठेवणं

डिजिटल आइस म्हणजे धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारी सोय. वेळ खाणाऱ्या सेटिंगांत तिचा क्रमांक पहिला. इन्फ्रारेड किरण रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यांतून आरपार जातात, धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. त्यावरून स्कॅनर डागांचा नकाशा बनवतो आणि सॉफ्टवेअर त्या जागा आजूबाजूच्या रंगाने भरतं. त्यासाठी व्ही ६०० सारख्या स्कॅनरवर आतली पट्टी पुन्हा एकदा फिरते आणि नंतरचं गणित कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर चालतं. एका फ्रेमचा वेळ कित्येक पट वाढू शकतो.

कृष्णधवल फिल्मवर तर ते लावूच नका. तिच्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची असते, चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि सॉफ्टवेअर चेहऱ्यावरच्या रेषाच ओरखडे समजून पुसायला लागतं. वेळ जातो तो जातोच, फोटोही बिघडतो. इलफर्ड एक्सपी २ सुपर सारखी रंगीत रसायनात धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म याला अपवाद, कारण तिच्यात रंगद्रव्य असतं. कोडाक्रोम स्लाइडवरही आइस गडबड करतं.

रंगीत निगेटिव्हवर ते उपयोगी आहे, पण स्वच्छ फिल्मपट्टीला त्याची गरज नसते. पट्टी कडांनी धरा, सुती हातमोजे घाला, रबरी ब्लोअरने दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा हवा मारा, होल्डरवर आणि काचेवरही मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब इमल्शनवर (फिल्मवरच्या प्रतिमेच्या थरावर) डाग पाडतात. पट्टीमागे अर्धं मिनिट घालवलंत की बहुतेक फ्रेम आइसशिवाय निघतात.

मल्टी-सॅम्पलिंग आणि मल्टी-एक्स्पोजर हे त्याच जातीचे पर्याय. चार किंवा सोळा वेळा तीच ओळ वाचल्याने गडद स्लाइडमधल्या सावल्यांतला दाणेदारपणा कमी होतो. निगेटिव्हवर फरक फारसा दिसत नाही, म्हणून एकवर ठेवा.

केबल कुठेही खोचणं

यूएसबी १.१ चा वेग १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १ एमबी. यूएसबी २.० ला ३० एमबीच्या आसपास मिळतात. ८२ एमबीची फ्रेम एका ठिकाणी तीन सेकंदांत जाते, दुसरीकडे सव्वा मिनिटाहून जास्त घेते. जुनं हब, कीबोर्डवरचं पोर्ट किंवा गंजलेली पिन मध्ये आली की जोडणी गुपचूप १२ मेगाबिटवर उतरते. विंडोज कधी कधी 'हे उपकरण अधिक वेगाने चालू शकतं' अशा अर्थाची सूचना देतं, ती आपण वाचता वाचता बंद करतो. मॅकवर ऑप्शन की दाबून ॲपल मेनूत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, यूएसबीमध्ये स्कॅनरसमोर ४८० मेगाबिट दिसायला हवा.

स्कॅनर थेट कॉम्प्युटरला जोडा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला. केबल दीड-दोन मीटरची घ्या. ५ मीटरच्या वर यूएसबी २.० ची हमी नाही. काही जुने स्कॅनर निळ्या यूएसबी ३ पोर्टवर अडखळतात. मध्ये स्वतःचा अॅडॉप्टर असलेलं चांगलं यूएसबी २.० हब टाकलं की ते सुरळीत चालतात. स्कॅनर ज्या हबवर आहे त्याच हबवरच्या पेन ड्राइव्हवर फाइल सेव्ह करू नका, एकाच अरुंद वाटेने डेटा येतो आणि जातो. आतली पट्टी मध्येच गप्प होत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून पाहा.

फाइल कुठे पडतेय ते न पाहणं

फ्रेम सेव्ह होताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क १००वर अडकली असेल तर रॅम संपून काम हार्ड डिस्कवर ढकललं जातंय. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझर उघडा ठेवून ४८ बिट स्कॅन करणं म्हणजे हेच. ब्राउझर बंद करा. पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडीत, मग रॅममध्ये.

डिस्क मोकळी असूनही फाइल उशिरा येत असेल तर सेव्हचा फोल्डर पाहा. तो वनड्राइव्हखालच्या पिक्चर्समध्ये असेल तर प्रत्येक फ्रेम लगेच नेटवर चढायला लागते. सी ड्राइव्हवर 'स्कॅन' नावाचा साधा फोल्डर करा, विंडोज सिक्युरिटीच्या एक्स्क्लूजन्समध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) तेवढाच घाला, आणि दिवसाचं काम संपल्यावर बॅकअप घ्या. टिफ प्रकारच्या फाइलवर एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन (फाइल आवळून लहान करायची पद्धत) नको. १६ बिटच्या चित्रात त्याने फाइल उलट मोठी होऊ शकते आणि सेव्हला वेळ लागतो.

दिवा आणि काच

व्ही ७०० मध्ये फ्लुओरेसंट दिवा आहे, तो तापून स्थिर व्हायला वेळ घेतो. फिल्मच्या दर पट्टीनंतर स्कॅनर बंद केला की तो वेळ दर वेळी नव्याने मोजावा लागतो. व्ही ६०० च्या एलईडीला ही अडचण नाही. होल्डरच्या वरच्या टोकाची कॅलिब्रेशनची मोकळी खिडकी झाकली जाता कामा नये. तिथे धूळ बसली की चित्रात लांब उभ्या रेघा येतात आणि अख्खी पट्टी पुन्हा स्कॅन करावी लागते.

प्रत्येक फ्रेमला नवी सुरुवात

प्रिव्ह्यू, रंग, स्कॅन, पुन्हा प्रिव्ह्यू, असं एकेक फ्रेम करत बसण्यात निम्मा वेळ जातो. व्ही ६०० च्या होल्डरमध्ये सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या बसतात. एकच थंबनेल प्रिव्ह्यू घ्या, बारा चौकटी तपासा, सगळ्या निवडा आणि बाजूला व्हा. तेवढ्यात दुसरा होल्डर असेल तर तो भरून ठेवा. व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर रॉ फाइल (कोणतीही सुधारणा न केलेला मूळ डेटा) साठवा, आणि स्कॅनरला इन्फ्रारेड असेल तर ६४ बिटमध्ये. मग धूळ आणि रंगाचं काम त्या फाइलवरून कितीही वेळा करता येतं, पट्टी पुन्हा होल्डरमध्ये घालावी लागत नाही. २४०० डीपीआय, ४८ बिटच्या साध्या टिफमध्ये वीस रोलना सुमारे ३३ जीबी लागतात. रॉ मध्ये इन्फ्रारेडही साठवलं तर ४५ जीबीच्या आसपास मोकळी जागा ठेवून मगच पहिली पट्टी लावा.