बँकेने परस्पर कापलेली रक्कम परत कशी मागावी

आमच्या इमारतीत स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे पासबुक माझ्यापुढे ठेवले. मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून 436 आणि 20 रुपये वजा झाले होते आणि त्यापुढे इंग्रजी आद्याक्षरांची एक-एक ओळ छापलेली होती. त्या दोन वेळा शाखेत जाऊन आल्या होत्या आणि दोन्ही वेळा काउंटरवरून त्यांना एकच उत्तर मिळाले होते: ‘सरकारी योजना आहे, सगळ्यांचेच कापतात.’ हे उत्तर चुकीचे होते. 436 रुपये हा पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेचा आणि 20 रुपये हा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता आहे. दोन्ही योजना ऐच्छिक आहेत आणि खातेदाराच्या संमतीशिवाय हप्ता वळता करता येत नाही. योजना चांगल्या की वाईट हा येथे प्रश्नच नाही. आपले पैसे आपल्याला न विचारता गेले, एवढाच प्रश्न आहे.

मी बावीस वर्षे एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. महिनाअखेरीस बँक जुळवणी पत्रकात दहा रुपयांचा फरक राहिला तरी आम्ही तो सापडेपर्यंत उठत नाही. मात्र त्याच टेबलांवर बसणाऱ्या अनेक सहकाऱ्यांनी स्वतःचा खातेउतारा वर्षानुवर्षे उघडलेला नसतो. म्हणून पहिले काम हे की महिन्यातील एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशी पासबुक भरून घेऊन खात्यातून वजा झालेल्या प्रत्येक रकमेपुढे ती कोणी घेतली, कशासाठी घेतली आणि आपण होकार केव्हा दिला, हे पेन्सिलीने लिहावे. ज्या ओळीपुढे काही लिहिता येत नाही, ती आपली तक्रार.

अनोळखी रक्कम शुल्काची आहे का, हे ओळखण्याची आमच्या धंद्यातील एक साधी रीत आहे. बँकेच्या सेवाशुल्कावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून त्या रकमेला 1.18 ने भागून पाहावे. 590 चे 500 होतात, 295 चे 250 आणि 118 चे 100. असा गोल आकडा आला की ते बहुधा दंड किंवा शुल्क असते. 590 रुपये बऱ्याचदा खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने कर्जाचा हप्ता परत गेल्याबद्दल कापलेले असतात. मग बँकेच्या प्रसिद्ध शुल्कपत्रकाशी तो आकडा ताडून पाहावा आणि शुल्क रास्त असेल तर वाद घालू नये.

दोन प्रकरणांत मात्र वाट वेगळी आहे. आपण न केलेला व्यवहार, म्हणजे सरळ फसवणूक दिसली तर पत्र लिहीत न बसता त्याच क्षणी बँकेच्या क्रमांकावर आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी मदत क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर येत नाही. दुसरे प्रकरण एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेल्याचे. सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेने ती पाच दिवसांत आपणहून जमा करावयाची असते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई असते आणि तीही मागावी लागू नये.

उरलेल्या सर्व तक्रारी लेखी द्याव्यात. हे मी आग्रहाने सांगतो, कारण कोणत्याही मोठ्या कार्यालयात काम कसे चालते ते मी आतून पाहिले आहे: ज्या कागदावर आवक क्रमांक नाही, त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच नसते. काउंटरवर कितीही वेळ भांडले तरी त्याची नोंद कोठेही होत नाही. ताईंचे पत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावे होते आणि त्याचा गाभा असा होता: ‘माझ्या खात्यातून वरील तारखेस 436 रुपये जीवनज्योती विम्यापोटी वजा झाले आहेत. मी अशी संमती दिलेली नाही. दिली असल्यास माझ्या सहीच्या अर्जाची प्रत द्यावी. अन्यथा रक्कम माझ्या खात्यात जमा करावी.’ 20 रुपयांचा अपघात विमा त्यांनी विचार करून चालू ठेवला, कारण त्या रोज लोकलने ये-जा करतात.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घ्यावी. शाखेने पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी, किंवा ई-मेल करून तक्रार क्रमांक घ्यावा.

ती तारीख महत्त्वाची, कारण 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभर एकच एकात्मिक योजना लागू झाली आणि आपली शाखा कोणत्या लोकपालाच्या हद्दीत येते हे शोधण्याची कटकट संपली. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवता येते, त्यासाठी शुल्क नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर मात्र ती तेथेच थांबते. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत आणि त्यांनाही लोक बँकच म्हणतात, पण त्या या योजनेत येत नाहीत. त्यांच्याबद्दलची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करावी लागते.

ताईंचे 436 रुपये एकोणिसाव्या दिवशी जमा झाले. सहीच्या अर्जाची प्रत आली नाही. परंतु रक्कम परत आली म्हणजे पुढील कपात थांबली असे नव्हे, कारण या विम्याचे वर्ष 1 जून ते 31 मे असे असते आणि बँकेतील नोंद तशीच राहिली तर पुढच्या मे महिन्यात हप्ता पुन्हा जातो. म्हणून आम्ही दुसरे पत्र दिले, ‘यापुढे या योजनेसाठी खात्यातून रक्कम वळती करू नये’ असे त्यात स्पष्ट लिहिले, त्याचीही पोच घेतली आणि दोन्ही प्रती पासबुकाच्या प्लास्टिकच्या वेष्टनात घालून ठेवल्या. मेच्या अखेरीस ताई पुन्हा पासबुक भरून आणणार आहेत.